वरच्या वाफ्याचं पानी

वय झालं म्हनं. बापू, सख्खा धाकटा भाऊ हायस म्हनून ऐकून घेतलं. फोन आपटलास न्हवं? आपट. आता हे बोलून व्हाट्सॲपवर धाडतोय, म्हंजे मधी तोंड घालता येनार न्हाई.

"वैनीचं डोकं वयानं गेलंय, त्याला छातीत मशीन कशाला बसवलं, लेकीनं हॉलंडला नेऊन दोघांस्नी खुळं केलं," असं म्हनलास. आन तुझी शांता काय सांगती? मळ्यातनं घरला येताना तुला मधीच टेकावं लागतंय. मोटर बंद केली का म्हनून तेच तेच इचारतोस. ते बी वयानंच का?

हितं हॉलंडात, बेस्ट नावाच्या गावात लेकीकडं राहायला आल्यापास्नं तुझ्या वैनीचं लई किस्सं साठल्यात. कालव्याकाठच्या बाकड्यावर आमी इंडियातली म्हातारी मानसं जमतो, तितं दुसरा विषयच न्हाई. एक सांगाय घेतला की दुसरा त्याचं शेपूट धरून येतोय. ऐक आता.

*

हितली घरं एका साच्यातनं काढल्यागत, ओळीनं. तुझी वैनी सुमन दूध घिऊन आली आन मागच्या दारानं शेजारच्या हेंकच्या सैपाकघरात घुसली. हेंक म्हंजे एकटा म्हातारा, पेपर वाचत पाठमोरा बसलेला. हिनं भांडी हुडकली, डबं उचकलं, चहा केला आन मीच हाय असं समजून कप त्याच्या म्होरं आदळला. "प्या. आन आलं संपलंय, तेवढं आना."

त्यानं गुमान पिला. मग तिला हाताला धरून आमच्या दारात आनून सोडलं, आन ती काय म्हनत व्हती ते आमच्या लेकीला, कविताला इचारून घेतलं.

दुसऱ्या दिशी सकाळी गडी आलं घिऊन दारात हजर.

आमी पोट धरून हसलो. कविता न्हाई हसली.

*

कवितानं अपॉइंटमेंट घेतली. हितल्या घरच्या डॉक्टरला हाउसआर्ट्स म्हनत्यात. ताडासारखी उंच बाई. मी म्हनलं आता डोक्याचा फोटो काढंल, गोळी दील. तर बाईनं सुमनचं मनगट धरलं आन घड्याळाकडं बघत बसली. लई वेळ. माझं टकुरं फिरलं.

"डोस्क्याचं दुखनं घिऊन आलोय, मनगट काय धरून बसलीस? लगीन लावायचंय का?"

कवितानं त्याचं काय भाषांतर केलं देव जानं. बाई हसली आन म्हनली, तुमचं वडील फार प्रेमळ हायत.

*

तर दुखनं काळजाचं निघालं. ठोका लई सावकाश. मी म्हनलं, काळजाचा आन इसरण्याचा काय संबंध? हेच तू बी म्हनलास.

कविता हितं मोठ्या कंपनीत इंजिनीर हाय, पन बोलली शेतकऱ्याच्या पोरीगत. "अण्णा, आपल्या मोटरीला दाब कमी पडला की काय हुतं?"

"वरच्या वाफ्याला पानी चढत न्हाई."

"डोकं म्हंजे वरचा वाफा."

बापू, माझी लेक हाय ती. तुला असा एक वाफा तरी समजावून सांगता येतोय का? आन खोटी आशा बी लावली न्हाई तिनं. म्हनली, डॉक्टर सांगतात, सगळ्यांचं इसरनं ह्यामुळंच नसतं, आन जे वाळलं ते समदं हिरवं हुईलच असं बी न्हाई. पन दाब तर नीट करू.

*

मशीन बसवायच्या आधी दवाखान्यात डोक्याची परीक्षा घेतली. एक गोरी बाई इंग्रजीत इचारनार, कविता मराठीत सांगनार. वार कुठला, घड्याळ काढून दाखवा, असलं. थोडं आलं, थोडं न्हाई. मग इचारलं, नवऱ्याचं नाव काय?

सुमननं पदर तोंडाला लावला. गप. परत इचारलं. गप. बाईनं फुली मारली.

मी उठलोच. "आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. लग्नातल्या उखान्यानंतर तिनं कधी घेतलं न्हाई. त्याची फुली मारतीस व्हय?"

कवितानं सांगितलं. बाई म्हनली, मग त्या ह्यांना हाक कशी मारतात?

"अवो," कविता म्हनली.

बाईनं ते नीट लिहून घेतलं, आन निघताना माझा हात हातात घिऊन म्हनली, "थँक यू, मिस्टर अवो."

*

बाकड्यावर हे सांगितलं की पुन्याचं जोशी सर ठसका लागंस्तवर हसत्यात. पन म्होरचं मी तितं सांगत न्हाई, तुला सांगतो. सुमन लाजून गप बसली, का नाव खरंच गेलं व्हतं? एकदा दोघंच मटार सोलत बसलेलो. म्हनलं, "कुनी न्हाई हितं. घे की नाव."

"चला, तुमचं आपलं कायतरीच," म्हनली. पन बघत व्हती खिडकीकडं.

मला कळंना. आन परत इचारायचं धाडस झालं न्हाई. मला, बापू. सगळ्या गावाला शिव्या घालनाऱ्याला.

*

छाती फाडली न्हाई कुनी. खांद्याच्या खाली कातडीत चपटी डबी बसवली, ती काळजाला टोचनी देती. हळूहळू सुमन मानसात आली. आमटीत मीठ एकदाच पडाय लागलं. आन आमचं वांधं सुरू झालं. मी जरा आवाज चढवला की ही डबीवर हात ठेवनार. "हळू. मशीन बिघडंल."

जल्मात एवढा गप ऱ्हायलो नव्हतो. शेवटी तपासणीला गेल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरलाच इचारलं. तो म्हनला, वरडण्यानं मशिनीला काय बी हुत न्हाई.

सुमन म्हनली, "मला पहिल्याच दिशी सांगितलं व्हतं त्यांनी."

*

आता बाकड्यावर येईल त्याची नाडी सुमन बघती. रामराम नंतर, आधी मनगट. जोशी सर म्हनलं, "वहिनी, मी ह्या विषयावर सगळं वाचलंय."

"वाचलंय तर हात द्या."

नाडी दावं तोडलेल्या वासरागत, कशीबी उड्या मारीत व्हती. सर कुरकुरत डॉक्टरकडं गेलं, आता रोज गोळी घेत्यात. बाकड्यावरची उन्हाची जागा सर बायकोला बी देत नव्हतं. आता ती सुमनची.

*

आन परवा परत परीक्षा. तीच बाई, तीच खोली. "मिस्टर अवो, बसा," म्हनून खुर्ची दावली. वार इचारला, सांगितला. घड्याळाचा एक काटा चुकला, चुकू दे. मग आला तो प्रश्न. कविता मराठीत सांगाय लागली, तर सुमननं तिला हातानंच थांबवलं. उठून उभी ऱ्हायली. डोक्यावर पदर घेतला. माझ्याकडं बघितलं, आन खणखणीत आवाजात म्हनली:

"छातीत बसवली डबी, चुकत न्हाई ठोका,
म्हादेवरावांचं नाव घेते, मला येडी म्हनू नका."

गोरी बाई कविताकडं बघाय लागली. कवितानं तोंड उघडलं, पन तिला काय ते इंग्रजीत सांगता येईना.

बापू, उद्या सकाळी गाडी काढ, शांताला संगं घे, आन साताऱ्याला जाऊन छाती दाखव.