फाट्यावरचं रिकामं टोपलं

पत्नी गेली तो सोमवार होता. ती खामगावला आयटीआयमध्ये शिवण शिकवायची. तेराव्यानंतर तिच्या तिथल्या कपाटाची किल्ली परत करायला मी पिंपळगाव राजाहून तिचीच सकाळची बस धरली.

एका फाट्यावर एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन रस्त्यातच उभी होती. बस थांबली तशा तिच्यामागून पाच मुली चढल्या. बाई माझ्याशेजारी बसली आणि तिने पुढच्याच गावाचं तिकीट काढलं.

"मावशी, टोपलं आजही रिकामंच?" कंडक्टर म्हणाला.

"येताना तुलेच घालून आणतो त्याच्यात."

मुली हसल्या. मग ती मला हळूच म्हणाली, "नुसत्या पासवाल्या पोरी दिसल्या का बस थांबत नाही, भाऊ. आयटीआयत शिवण शिकतात ह्या, हजेरी कमी पडली तं परीक्षेले बसू देत नाहीत. सरकारनं पास देला, पण बस थांबवाले माणूस नाही देला."

"यातली तुमची कोणती?"

"एकही नाही. माही पोरगी दहावीवरच राह्यली. तवा मले हे सुचलं नाही."

पुढच्या गावी ती उतरली आणि टोपलं काखेत धरून, गुडघ्यावर हात टेकत परत फाट्याकडे चालू लागली. त्या मुलींची शिवणाची बाई म्हणजे माझी पत्नी, हे मला तिला सांगता आलं नाही.

आता रोज सकाळी मी त्या बसमध्ये फाट्याचं तिकीट काढतो. मी उतरतो, मुली चढतात. बाईला चालावं लागत नाही.