शेजारी ठेवलेली पिशवी

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा निवृत्त बाबांना बस्तरच्या आतल्या डोंगरात जायचं वेड लागलं. तरुणपणी ते तिथे जंगलखात्यात होते. "फागुनात नद्या उतरतात, जीप पार होते," म्हणत त्यांनी दोर, पाण्याची कॅन, मलेरियाच्या गोळ्या जमवल्या. तिकडच्या नक्षलवाद्यांच्या बातम्या वाचून मला धडकी भरायची, पण त्यांना नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

जायच्या दिवशी मुहूर्त नव्हता, म्हणून त्यांनी आधीच चांगला दिवस पाहून आपली पिशवी शेजारच्या घरी प्रस्थान म्हणून नेऊन ठेवली. प्रस्थान ठेवलं की प्रवास सुरू झाला. पिशवी घरी परत आणायची नसते.

बाबांनी ठरवलेल्या जीपवाल्याला मी परस्पर नको म्हणून कळवलं आणि बाबांना सांगितलं, जीप बिघडली. लोकांपुढे मी याला काळजी म्हणतो. कसली काळजी! मी भ्यालो होतो.

"मी तं निघालो आहो," बाबा म्हणाले. "जीप सुधरेपर्यंत पिशवी राहू दे तिकडेच."

महिनाभराने ते स्वतःच पिशवी घेऊन घरात आले. दोर काढून खुंटीला अडकवला.

"जीपवाला भेटला होता बुढापारा मोहल्ल्यात," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "जीप चांगली आहे म्हणे."