मंत्रीणबाईंची ड्युटी

नवरा आरोग्यमंत्री झाला तरी सिस्टरनी नोकरी सोडली नाही. "आता कशाला बेडपॅन उचलायचे, वहिनी?" असं नणंदेनं विचारलं, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "मंत्रिपद आज आहे, उद्या नाही. पेन्शन मात्र माझी मला मिळेल." हॉस्पिटलात सगळे त्यांना चिडवत: मंत्रीणबाई.

त्याच सरकारी हॉस्पिटलात त्यांचे यजमान, आताचे मंत्रीसाहेब, एकेकाळी एक्स-रे काढायचे. पेशंट त्यांना 'फोटोवाले' म्हणत. पुढे युनियनचे पुढारी झाले, संपात तुरुंगात गेले, मग निवडून आले. जिभेला धार आणि कामाला वाघ. बाळंतिणींच्या वॉर्डात गरम पाणी आलं ते त्यांच्यामुळे, हे विरोधकही नाकारत नसत.

एका दुपारी, भेटीच्या वेळेला, स्त्रियांच्या वॉर्डाचं छत कोसळलं. सिस्टर खालच्या मजल्यावरून धावल्या आणि नुसत्या हातांनी ढिगारा उपसत राहिल्या. तीन बायका दगावल्या. वॉर्डच्या प्रमुख नर्सला सगळे 'थोरली' म्हणत. पेशंटला ओढून काढताना तिचा खांदा मोडला.

विधानसभेत रान उठलं. राजीनामा द्या, राजीनामा द्या! पक्षानं साहेबांना वाचवायची वाट शोधली. छताला ओल दिसत असूनही खाटा हलवल्या नाहीत, असं म्हणून थोरलीला निलंबित करवलं. साहेब टीव्हीवर म्हणाले, "हलगर्जीपणा खालच्या पातळीवर झाला. माझ्या कानावर काहीच आलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत शिरल्या आणि चाललेल्या गप्पा थांबल्या. मंत्रीणबाई अशी हाक कुणी मारली नाही.

ड्युटी संपवून त्या थोरलीकडे गेल्या. हात गळ्यात अडकवलेली थोरली खिडकीशी बसली होती.

"तुझ्यावर राग नाही गं," ती म्हणाली. "पण माझ्या लेकीला शेजारी विचारतात, तुझ्या आईनं माणसं मारली का म्हणून."

संध्याकाळी साहेब जेवायला बसले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "अहो, छताचं मी तुम्हाला सांगितलं होतं. गिलावा पडतोय, कुणाच्या तरी जिवावर बेतेल. तुम्ही म्हणालात, बघू."

"बायकोनं जेवताना सांगितलेलं सरकारदरबारी धरत नाहीत."

"दरबारी नसेल. पण कानावर आलं होतं ना?"

साहेबांनी ताट सरकवलं. "मी गेलो तर येणारा काय दिवे लावणार आहे? इतक्या वर्षांचं सगळं मुसळ केरात!"

"जाऊ दे. थोरलीच्या डोक्यावर खापर फोडून तुम्ही खुर्चीत राहिलात, तर मी वॉर्डात कुठल्या तोंडानं जाऊ?"

साहेब हळूच म्हणाले, "तू बाहेर सांगणार आहेस का?"

इतक्या वर्षांच्या संसारात साहेबांनी सिस्टरना कधी असं परक्यासारखं विचारलं नव्हतं.

"मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

काही दिवसांनी साहेब विधानसभेत उभे राहिले. "मला माहीत होतं. मी चालढकल केली. त्या नर्सचा यात काही दोष नाही." एवढंच बोलून राजीनामा देऊन बाहेर पडले. पक्षातले म्हणाले, गड्यानं स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. त्यांना पुन्हा तिकीट मिळालं नाही.

थोरली कामावर परतली, पण तिचा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. सिस्टरशी ती बोलायची. त्यांच्या घरी मात्र परत आली नाही.

साहेब आणि सिस्टर दगावलेल्या तिन्ही बायकांच्या घरी जाऊन आले. एका घरी त्या बाईचा नवरा दारातच म्हणाला, "खरं बोललात. पण मला त्याचं काय करायचं, साहेब?" साहेब उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. थोड्या वेळानं त्या माणसानं आत सतरंजी टाकली. तिघं बसले.

परतताना सरकारी गाडी नव्हती. साहेब चालता चालता म्हणाले, "उद्या कुठली ड्युटी?"

"सकाळची."

"सोडायला येतो," ते म्हणाले. "फाटकापर्यंतच."