मोघेकाकांचं कुरण

इकडे परदेशात, बॉथेलला आम्ही घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीला गल्लीतले मोघेकाका पहिल्यांदा आमच्याकडे आले. आपल्या लोकांची घर बघायची एक रीत असते. यजमान पुढे, पाहुणे मागे, प्रत्येक खोलीच्या दारातून "वा, छान उजेड आहे हं" म्हणायचं आणि जेवायला पळायचं. काका मध्येच नाहीसे झाले. शोधाशोध केली, तर कपाटाच्या तळाची फळी उचलून झब्ब्यासकट घराखालच्या पोकळीत उतरलेले! वर आले तेव्हा केसांत कोळिष्टकं होती.

"काका, घर घेताना इन्स्पेक्टरने तपासून रिपोर्ट दिलाय ना," मी म्हणालो.

"दिला असेल. तो खाली उतरला होता का, हे विचारलंस?"

एवढं बोलून त्यांनी हात धुतले आणि श्रीखंडावर ताव मारला. माझी बायको चांगलीच वैतागली होती. मला मात्र हा माणूस तेव्हाच आवडला.

काका मूळचे पुण्याचे, इथल्या एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झालेले. "कागदाला पाय नसतात, आपल्याला आहेत," हे त्यांचं आवडतं वाक्य. सुमनकाकू सांगायच्या, "मला बघायला आले ना, तर आधी आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघून आले. मग मी." इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला पूजेचे यजमान म्हणून पहिल्यापासून हे दोघंच बसत. वर्षभर काका कुणाकडे काही मागत नसत, पण तो पाट त्यांना जिवापाड प्रिय होता. महिनाभर आधीपासून सोवळं उन्हात घालायचे.

आमच्या गल्लीमागे, कुंपणापलीकडे, एक ओलं कुरण आहे. मधून ओढा जातो. ते ज्याचं होतं तो म्हातारा शेतकरी वारल्यावर तिथे घरं उठणार होती, पण काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, ती जमीन लोकांच्या करातून विकत घेतली. तिथे पुन्हा झाडं लावायचं कंत्राटही दिलं. "ही जमीन तुमच्या करातून जपली आहे" अशी सुबक पाटी लागली. आम्ही पाटी वाचून खूश. काका पाटीच्या मागे गेले. रोपांभोवती प्लॅस्टिकच्या नळ्या होत्या आणि नळ्यांत वाळक्या काड्या. पलीकडच्या टोकाला कंत्राटदाराने ट्रक आणायला खडी टाकली होती. काम संपल्यावर ती काढून न्यायची होती, पण ती तशीच राहिली. त्याला लागूनच आमच्या गणपतीचा हॉल. "काय सुंदर फुकट पार्किंग मिळालं," म्हणत आमचं अख्खं मंडळ त्या खडीवर गाड्या लावत होतं.

काका हे काउंटीच्या सभेत मांडणार, हे कळल्यावर मंडळाचा अध्यक्ष नितीन धावत आला. माझ्याच घरी बसून दोघं बोलले.

"काका, यार, टायमिंग बघा ना. पार्किंग गेलं तर एवढी पब्लिक कुठे जाईल? गणपती होऊ दे, मग कम्प्लेंट करा."

"गणपतीनंतर दिवाळी येईल. मग तुमचं हळदीकुंकू."

"पण त्या खडीने कुणाचं काय बिघडतंय?"

"झाडं जगवायला पैसे तू दिलेस, मी दिले. आणि आपणच तिथे गाड्या लावून बसलोय. जमीन सगळ्यांची म्हणजे कुणीच विचारायचं नाही, असं ठरलंय का?"

नितीन चहा न घेता गेला.

काउंटीच्या सभेत कुणालाही दोन मिनिटं बोलता येतं. काकांचं पहिलं वाक्य होतं, "त्या खडीवर मीही गाडी लावली आहे." मग जे पाहिलं ते सांगितलं, कुणाला चोर म्हटलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, की कंत्राटदाराचं बिल मंजूर करण्याआधी तिथे कोण जाऊन आलं होतं? समोरचे सगळे एकमेकांकडे बघू लागले.

पुढच्या शनिवारी काउंटीची एमिली नावाची तरुण अधिकारी पाहणीला आली. काका थर्मास आणि भाकरवडी घेऊन हजर. तिने एका नळीत हात घातला, तर काडी मोडून हातात आली. "आम्हाला फोटो आले होते," ती हळूच म्हणाली. "प्रत्यक्ष येऊन बघणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं." काकांनी तिला चहा ओतून दिला. घरी येताना मला म्हणाले, "पोरगी खरं बोलली. अर्धं काम झालं."

उरलेलं अर्धंही झालं. खडी निघाली, कंत्राटदाराला पुन्हा झाडं लावावी लागली आणि यापुढे कुणीतरी जागेवर जाऊन आल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही, असं ठरलं. गणपतीत मात्र सगळ्यांना लांबच्या शाळेत गाड्या लावून चालत यावं लागलं. नऊवारीतल्या बायका, खांद्यावर ढोल घेतलेली माणसं, सगळ्यांच्या तोंडी काकांचा उद्धार. काका-काकू वेळेवर आले, ते सोवळं नेसूनच. पाटावर दुसरंच जोडपं बसलेलं होतं. आधी कळवण्याचं सौजन्यही कुणी दाखवलं नव्हतं. काका मागच्या रांगेतल्या खुर्चीवर बसले आणि टाळ्या वाजवत राहिले. मला इतका संताप आला होता, की माझ्या तोंडून आरती फुटेना.

परत जाताना विचारलं, "काका, वाईट वाटलं?"

"वाटलं तर! दगड आहे का मी? त्या पाटासाठी मी वर्षभर थांबतो." थोडं चालल्यावर म्हणाले, "पण गप्प राहिलो असतो, तर पाटावर बसून गणपतीकडे बघता आलं नसतं."

तो पाट त्यांना पुन्हा मिळाला नाही. नितीन दिसला तर दुरून मान हलवायचा, तेवढंच. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलाने दोघांना आपल्याकडे, दूर शुगर लँडला बोलावून घेतलं. गेल्या वसंतात सामानाचा ट्रक दारात उभा राहिला. मंडळातलं कुणी फिरकलं नव्हतं. काका ओट्यावर बसून खोक्यांवर नावं घालत होते.

तेवढ्यात नितीन आला. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, सोबत त्याची मुलगी.

"काका, ही शाळेतून येताना रोज कुंपणावरून झाडं बघते. परवा म्हणाली, बाबा, दे आर डाइंग अगेन. मला खरं वाटेना, म्हणून आज आत जाऊन आलो. ओढ्याकडची रोपांची सगळी रांग वाळून गेलीय." त्याने खिशातून फोन काढला. "सभेत बोलायला नाव कुठे द्यायचं?"

काका उठले. माझ्या खांद्याचा आधार घेऊन पायऱ्या उतरले, नितीनचा हात धरला आणि कुंपणाकडे चालू लागले.

"अहो, विमान चुकेल!" काकू ओरडल्या.

"चुकू दे," काका मागे न बघता म्हणाले.