डनमोर रस्त्यापर्यंतचा परवाना

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराच्या उत्तरेला गावं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की पाटी वाचल्याशिवाय आपण कुठल्या गावात आहोत ते कळत नाही. अर्लीन टॉलिव्हर त्यातल्याच फेअरलोची. किराणा एका गावात, चर्च दुसऱ्यात, नोकरी तिसऱ्यात. चोपन्न वर्षांत हद्द कुठून जाते याचा विचार करायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

तिची नोकरी कुत्र्यांच्या सलूनमधली. बावीस वर्षं तिने लोकांची कुत्री धुतली, त्यांचे केस कापले, नखं काढली. मालकाने दुकान बंद केलं तेव्हा गिऱ्हाइकं तिलाच विचारायला लागली, "मिस अर्लीन, आता आमच्या पोरांचं काय?" मग तिने पाव पोचवणारी एक जुनी गाडी घेतली. मेव्हण्याने आत टब बसवला, स्वच्छ पाण्याची एक टाकी आणि घाण पाण्याची एक. बाहेर निळ्या अक्षरांत लिहिलं : "मिस अर्लीन, दारात अंघोळ."

परवान्यासाठी ती गावाच्या कचेरीत गेली. खिडकीत ड्रूसिला पेटवे होती, चर्चच्या गायनात तिच्या शेजारी उभी राहणारी.

"घाण पाणी कुठे ओतणार, त्याचं पत्र आण," ड्रूसिला म्हणाली.

सांडपाण्याच्या कचेरीत सांगितलं, घरी उभ्या राहणाऱ्या गाडीला पत्र मिळत नाही, धंद्याच्या जागेचा पत्ता द्या. टायरवाल्या प्रेंटिसच्या दुकानामागे मोकळी जागा होती. तो म्हणाला, "देतो की. पण आधी गावाचा परवाना दाखव, नाहीतर दंड मला बसेल."

अर्लीन पुन्हा ड्रूसिलाच्या खिडकीशी.

"अगं, परवान्यासाठी पत्र, पत्रासाठी जागा, जागेसाठी परवाना! मी सुरुवात करू तरी कुठून?"

"माझ्यावर काय ओरडतेस? मी केलेत का नियम?"

"तू वाचतेस तर खरी!"

"वाचायचाच पगार आहे मला, बाई."

असे तीन महिने गेले. त्यात घरासमोर धंद्याची गाडी उभी केली म्हणून नोटीस आली. अर्लीनने निळ्या अक्षरांवर चादर बांधली. येणारेजाणारे विचारायचे, "मिस अर्लीन, गाडीला सर्दी झाली काय?" ती हसायची आणि आत जाऊन दार लावून घ्यायची. दुपारी ती गाडीत त्या कोरड्या टबाच्या काठावर बसायची. गल्लीतली कुत्री भुंकली की तिला आवाजावरून कळायचं, हा बस्टर, ही पर्ल. बस्टरची नखं आता वळून पंजात रुतत असतील, हेही कळायचं. हातात कला होती, दारात गाडी होती आणि ती आपल्याच अंगणात कोंडली गेली होती.

शेवटी ड्रूसिलालाच राहवलं नाही. तिने अर्लीनचा अपुरा अर्ज ओढून घेतला आणि त्यावर "पोहोचला" असा शिक्का मारला.

"याने काय होणार?"

"काहीच नाही. अर्ज पोहोचला, एवढंच. पण प्रेंटिसला नेऊन दाखव. तो शिक्का बघतो, वाचत नाही."

प्रेंटिसने शिक्का बघितला आणि जागेच्या कागदावर सही केली. जागेवरून पत्र मिळालं, पत्रावरून परवाना. अर्लीनने चादर सोडली, गाडी सुरू केली आणि मग परवान्याची शेवटची ओळ वाचली : फक्त फेअरलोच्या हद्दीत.

फेअरलो या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीने चार मिनिटांचं. डनमोर रस्ता आला की संपलं. तिच्या एकोणीस गिऱ्हाइकांपैकी चौदा रस्त्याच्या पलीकडची, चार वेगवेगळ्या गावांतली. प्रत्येक गावाचा अर्ज वेगळा. एका कचेरीत तर फिरत्या अंघोळीचा रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणून परवानगी नाही, असं तिथल्या माणसाने फार सभ्यपणे सांगितलं.

डनमोरच्या अलीकडच्या कडेला गाडी लावून ती बसली असताना मिस्टर विकम यांचा फोन आला. एक्याऐंशी वर्षांचे, एकटे. त्यांची आंधळी पूडल, जूनो, तिच्या हातची सर्वांत जुनी.

"अर्लीन, आहेस कुठे तू?"

"समोर. तुमची खिडकी दिसतेय मला."

"मग ये की. पाय मोडला का?"

"पाय धड आहेत हो. गाडीला रस्ता ओलांडायची परवानगी नाही."

पलीकडून फोन बंद झाला. मग दार उघडलं. म्हातारबुवा वॉकरच्या चौकटीवर रेलून बाहेर आले, चौकटीला अडकवलेल्या टोपलीत जूनो. ते रस्त्यात उतरले तशा दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. अर्लीन धावत गेली आणि त्यांचा दंड धरला.

"सोड. माझ्या कुत्रीला अंघोळीला नेतोय मी, यात तुझं काय?"

गाडीत जूनोला टेबलावर ठेवलं आणि अर्लीनची बोटं कानामागे गेली. केसांच्या गाठी घट्ट झाल्या होत्या, खालची कातडी लाल, ओली. इतक्या महिन्यांत कोणी हात लावला नव्हता. ती एकेक गाठ कापत राहिली आणि रडतही राहिली.

"दुखतंय तिला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तिला नाही," अर्लीन म्हणाली.

मग बाकीचेही रस्ता ओलांडून यायला लागले. शनिवारी सकाळी डनमोरच्या कडेला कुत्र्यांची रांग लागायची. पलीकडच्या गावचा पोलीस काच खाली करून सांगायचा, "मिस अर्लीन, मागचं चाक आमच्या हद्दीत आलंय, बघा जरा," आणि ती गाडी वीतभर पुढे घ्यायची.

तिने पलीकडच्या गावाच्या सभेत तोंड उघडलं. बोलायला तीन मिनिटं मिळाली. विषय पुढच्या बैठकीवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या. बर्फ पडलं तेव्हा मिस्टर विकम यांना पायरी उतरणंही होईना. अर्लीन कंगवा, कात्री आणि टॉवेल पिशवीत घालून पायी जायची आणि जूनोला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची. पायी जाणाऱ्या बाईला कोणता कागद लागतो, हे तिने ड्रूसिलाला विचारलं नाही.

उन्हाळ्यात त्या गावाचा परवाना आला. तोवर जूनो गेली होती. उरलेल्या तीन गावांचे अर्ज अजून कुठल्या ना कुठल्या टेबलावर आहेत. अर्लीन दर सोमवारी एकेका कचेरीत चौकशी करते, मग गाडीत टाकी भरते आणि जिथवर जाता येतं तिथवर जाते.