बुटकी सदाफुली

छावणीतल्या आमच्या गल्लीत टँकर आला की सगळे हंडे घेऊन धावतात. शेजारच्या काकू त्यातला थेंबही अंगणातल्या सदाफुलीला द्यायच्या नाहीत. "लाड केले की मुळं सडतात तिची," म्हणायच्या. भर उन्हात उभं राहून शेंडे मात्र रोज खुडायच्या, म्हणून त्यांची रोपं बुटकी, दाट आणि फुलांनी लगडलेली.

यंदा रस्ता रुंद करायला त्यांचं अंगण गेलं. काकूंनी सगळी रोपं कुंड्यांत लावून घरोघर वाटून टाकली. मलाही एक दिलं. "पाणी लई घालू नका, काय?"

परवा आल्या आणि माझ्या कुंडीत बोट खुपसलं. माती कोरडी ठणठणीत होती.

"ओली हाय. तुम्हाला नाय जमायचं," म्हणाल्या आणि कुंडी कडेवर घेतली.

मी नुसतं "व्हय" म्हणालो.