नाल्याशी बसलेला माणूस

वडील गेले त्याच पावसाळ्यात तो दिसला. वडील कामाला होते ती मिल केव्हाच बंद पडली होती, पण रंगखात्याची पिंपं उघड्यावरच होती आणि तिथलं पावसाचं पाणी आमच्या वस्तीच्या विहिरीकडे वाहायचं. पाण्याच्या तपासणीसाठी आलेला तो माणूस पावसाची सर कोसळताच मिलच्या नाल्याशी उकिडवा बसला आणि त्याने बाटलीचं तोंड प्रवाहाकडे धरलं.

मिलचा चौकीदार आर्जवाने म्हणाला, "भिया, जरा रुकून भरा ना. थोड्या वेळात पाणी एकदम साफ येतं."

"म्हणूनच आत्ता भरतोय," तो हसला.

झाकण घट्ट लावून त्याने बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली. मग मला म्हणाला, "रिपोर्टला वेळ लागेल. तोवर विहिरीचं पिऊ नका."

त्याचं नाव विचारायचं राहिलं. घरी जाताना मी विहिरीचा दोर सोडून घेतला.